चिंचोक्याएवढा पुरावा

मी तोफगोळ्याचा एक तुकडा. आकाराने चिंचोक्याएवढा, कडेने पात्यासारखा. सध्या माझा मुक्काम दिल्लीत आहे, एका सरकारी खोलीतल्या कपाटात, प्लॅस्टिकच्या डबीत. डबीवर लाखेचा शिक्का आहे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर माझा नंबर आहे, आणि ज्याच्या अंगातून मला काढलं त्याचं नाव: माजी हवालदार नरसिंह खराडे.

या माणसाच्या डाव्या खुब्यात मी पंचवीस वर्षं राहिलो. मला डोळे नाहीत, पण हाडाला चिकटून राहिलं की सगळं ऐकू येतं. माणूस बोलतो ते, आणि बोलता बोलता गिळतो तेही.

सीमेपलीकडच्या एका कारखान्यात माझं लोखंड वितळलं. मी तेव्हा वेगळा नव्हतो, एका मोठ्या गोळ्याच्या पोटात होतो. एका कामगाराने गोळ्यावरून फडकं फिरवलं, खडूने नंबर घातला आणि तो जेवायला निघून गेला. त्याचा कुणावर राग नव्हता. राग फक्त आमच्या पोटात भरलेल्या दारूत होता.

नव्व्याण्णव सालच्या जून महिन्यात, पहाटे, एका उघड्या डोंगरधारेवर आमचा गोळा फुटला. एकाचे हजार तुकडे झाले, त्यातला एक मी. माझा खरा जन्म तोच.

त्या धारेवर दगडांच्या आडोशाला दोन जवान बसले होते. एक नरसिंह, वय बत्तीस. दुसरा दिलीप सपकाळ, तेवीस वर्षांचा, सातारा जिल्ह्यातल्याच शेजारच्या गावचा. दिलीप थंडीने कुडकुडत थट्टा करत होता.

"दादा, वहिनींना मुलगा होऊ दे नाहीतर मुलगी, पेढे मीच आणणार. तुम्ही एक नंबरचे चिक्कू, तुम्ही बत्तासे..."

'बत्तासे' हा त्याचा शेवटचा शब्द. मी त्याच्या गळ्यातून आरपार गेलो. आधी मऊ लागलं, मग कडक, मग पुन्हा हवा. पुढे नरसिंहचा खुबा होता. त्याची पँट, कातडी, मांस फाडत मी हाडापाशी जाऊन थांबलो. माझ्या मागून माझाच एक थोरला भाऊ आला, तो वरच्या मांसात रुतला.

नरसिंहला आपली जखम कळलीसुद्धा नाही. त्याने दिलीपचा गळा तळहाताने दाबून धरला. रक्त बोटांमधून उसळत होतं, थंडीत त्याची वाफ निघत होती. आजूबाजूला गोळे पडत होते, दगड फुटून तोंडावर उडत होते. त्याने हात काढला नाही. दिलीप थंड झाला तरी काढला नाही. अर्ध्या तासाने दोन जवान सरपटत आले आणि त्यांनी त्याची बोटं एकेक करून उचकटली. त्या दोघांपैकी एकही पुढचा आठवडा पाहू शकला नाही. म्हणजे नरसिंहखेरीज ही गोष्ट ठाऊक असलेला आज मी एकटाच आहे.

खाली मलमपट्टीच्या तंबूत शंकर वाघ होता, नर्सिंग असिस्टंट. डॉक्टरसाहेब चाळीस स्ट्रेचरांमध्ये अडकले होते, म्हणून किरकोळ जखमी त्याच्याकडे.

"खराडे, पालथा हो. हलू नकोस."

"किती खोल आहे रे?"

"तुला काय करायचंय? टाके तू घालणार आहेस का?" असं म्हणत त्याने चिमट्याने माझ्या थोरल्या भावाला बाहेर ओढलं आणि डब्यात टाकलं. टण्णकन आवाज आला. "हा बघ, निघाला पाहुणा."

त्या पाहुण्याच्या पाठीमागे आणखी एक आहे, हे दोघांनाही कळलं नाही.

शंकरने कागद घेतला. 'शत्रूच्या माऱ्यात' एवढे शब्द तोंडाने पुटपुटत तो लिहायला लागणार, तोच नरसिंहने त्याचं मनगट धरलं.

"ते नको लिहू."

"मग काय लिहू? लग्नात नाचताना लागलं?"

"लढाईत जखमी लिहिलं की घरी तार जाते, शंकर. एकाहत्तर साली माझ्या बापाची तार आली होती. इंग्रजीत. गावात कुणाला वाचता येईना. आमच्याकडे तार म्हणजे माणूस गेला, दुसरा अर्थच नाही. बायकांनी तार वाचायच्या आधीच आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या. आईला सातवा महिना होता. दोन दिवसांत पोर गेलं. आणि महिन्याने बाप कुबडी घेऊन दारात उभा! तारेत नुसतं जखमी लिहिलं होतं."

शंकरने पेन कागदावरून उचललं.

"अलकाला सातवा चालू आहे. दगडावर पडला असं लिही. इथल्या इथे पट्टी कर. तुझ्या पाया पडतो."

"येड्या, उद्या या कागदाची गरज पडली तर?"

"उद्याचं उद्या."

शंकरने लिहिलं: 'दगडावर पडून.' तार गेली नाही. ऑगस्टमध्ये देवयानी जन्मली, चांगली साडेसहा पौंडांची.

*

माझ्याभोवती मांस वाढलं. पाय हलवणारी एक जाड नस माझ्या कडेला बिलगून राहिली. नरसिंहने जरा वेडीवाकडी हालचाल केली की मी तिला कापायला बघायचो. मुद्दाम नाही. धार आहे, ती काय करणार? त्याला मांडी घालून जेवता येईना. घरच्या पूजेलाही तो स्टुलावर बसायचा. अलका दर हिवाळ्यात वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून खुब्याला शेक द्यायची आणि म्हणायची, "मेला कसला तो दगड, अजून पिच्छा सोडत नाही."

लढाईनंतरच्या वर्षी तो दिलीपच्या घरी गेला. दिलीपचं मनगटी घड्याळ परत द्यायचं होतं. दिलीपची आई विठाबाई ओसरीवर बसली होती. पलटणीतल्या कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं की नरसिंहच्या कागदावर 'पडला' असं लिहिलंय. तिने घड्याळ हातात घेतलं आणि त्याच्या तोंडावर फेकून मारलं. भुवई फुटली.

"पळताना पडलास म्हणं! माझा पोरगा न्हाई पळाला. तू पळालास म्हणून जित्ता हाईस."

त्याला सांगता आलं असतं. पण तुमच्या मुलाचा गळा मी अर्धा तास या हाताने धरून होतो, हे एका आईला कुठल्या शब्दांत सांगायचं? तो रक्त पुसत परत आला. विठाबाई काही वर्षांनी वारली. तिच्या मनातून ते शेवटपर्यंत गेलं नसणार.

शेवटची नेमणूक दिल्लीला होती, म्हणून निवृत्तीनंतर नरसिंह तिथेच राहिला. द्वारका भागातल्या एका सोसायटीत सुरक्षा सुपरवायझर झाला, तिथेच जवळ भाड्याने घर घेतलं. मेट्रोत शिरताना तपासणीवरचा जवान त्याच्या खुब्याजवळ यंत्र फिरवायचा आणि यंत्र ओरडायचं.

"ताऊजी, जेब में क्या है?"

"कुछ नहीं बेटा, बेल्ट का बक्कल होगा।"

त्याने तीन पट्टे बदलले. शेवटी कापडी नाडीवर आला. तरी यंत्र आपलं ओरडतंच. तो आणि तपासणीवाले, दोघंही मग हसून सोडून द्यायचे. मी आत होतो, पण माझं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं.

मग ती दिवाळी आली. दोन वर्षांपूर्वीची.

संध्याकाळी अलका खाली प्रवेशद्वारापाशी पणत्या लावत होती. नरसिंह आणि देवयानी शेजारी उभे होते. फटाक्यांना बंदी होती, पण सोसायटीत कोण ऐकतो? कुणीतरी एक सुतळी बॉम्ब उभ्या गाडीखाली सरकवला. तो फुटला आणि चाकाजवळची खडी उडाली.

नरसिंहने अलकाला खाली आपटलं. तिच्या मनगटाचं हाड मोडलं, ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो तिच्या अंगावर पडला आणि त्याने तळहाताने तिचा गळा दाबून धरला. सगळ्या ताकदीने. त्याच्या डोळ्यांपुढे रक्त उसळत होतं, ते त्याला थांबवायचं होतं. अलकाचे पाय फरशीवर आपटत होते, तोंड काळंनिळं पडत होतं.

"बाबा, सोडा! आई आहे ती! बाबा!" देवयानी किंचाळली. तिने त्याचे केस धरून मागे ओढले, हाताला चावली, तेव्हा कुठे पकड सुटली.

अलका खोकत, ओकत उठून बसली. तिच्या गळ्यावर चार बोटांचे वळ उमटले होते. नरसिंह आपल्या हाताकडे बघत होता. हात कोरडा होता.

दवाखान्यात तिच्या मनगटाला प्लॅस्टर घातलं. नरसिंहही खुब्यावर पडला होता, म्हणून त्याचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली.

"अंकल, ये क्या है? गोली लगी थी क्या?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बोट दाखवलं.

अलकाचा आवाज बसला होता. ती कशीबशी म्हणाली, "म्हणजे पंचवीस वर्षं मी दगडाचा मार म्हणून शेक देतेय, तो हा?"

नरसिंहने सगळं कबूल केलं. गोळा फुटला ते, दिलीपचा गळा धरला ते, कागदावर खोटं लिहवून घेतलं ते. देवयानीने विचारलं, "पण का लिहवून घेतलंत?"

"असंच. घाई होती," तो म्हणाला. तार, आजीच्या बांगड्या, सातवा महिना, यातलं काही त्याने सांगितलं नाही. खोटं तुझ्यासाठी बोललो, असं सांगून पोरीच्या डोक्यावर ओझं ठेवणं त्याला नको होतं.

शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांना सरकार एक पदक देतं. देवयानी दिल्लीतच केंद्राच्या एका मंत्रालयात सहायक आहे, अर्जांच्या गराड्यात तिचा दिवस जातो. तिने ठरवलं, बाबांना ते मिळालंच पाहिजे.

"बाबा, फायलीला भावना कळत नाहीत, जोडलेले कागद कळतात," असं म्हणत तिने अर्ज केला. एक्स-रे जोडला. आठ महिन्यांनी उत्तर आलं. इंग्रजीत होतं, तिने मराठीत वाचून दाखवलं: 'शेजारचा जवान शहीद झाला त्या वेळी आश्रयासाठी धावताना, दगडावर पडून अर्जदारास इजा झाल्याचे दिसते. शरीरातील धातू नंतरच्या काळातील असू शकतो. अर्ज नामंजूर.'

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"धावताना कुणी लिहिलं? शंकरने नव्हतं लिहिलं."

"कुणीतरी ड्राफ्टमध्ये घातलं असेल, बाबा. वाक्य नीट बसावं म्हणून."

नरसिंहने काचेच्या कपाटावर मूठ मारली. काच फुटली, मनगटापर्यंत हात फाटला. आता प्रश्न पदकाचा राहिला नव्हता. दिलीपला मरताना टाकून तो पळाला, असं सरकारी कागदावर आलं होतं. विठाबाईने म्हटलं होतं तेच, आता सही-शिक्क्यासह.

देवयानीने वरच्या न्यायाधिकरणात दाद मागितली. वकील म्हणाले, तुकडा बाहेर काढून तपासला तर तो तोफगोळ्याचा आहे हे सिद्ध होईल. डॉक्टर म्हणाले, "टुकड़ा निकाल तो देंगे, पर नस चिपकी हुई है। पैर जा सकता है।"

"काही काढायचा नाही," अलका म्हणाली. "यांना मेडल पाहिजे! ते छातीला लावायला उभं तर राहता आलं पाहिजे ना?"

"बसून लावीन."

"आणि मी काय करू? आयुष्यभर तुमचा पाय उचलू?"

"अलका, तुझा गळा धरला ना मी, तसाच त्याचा धरला होता. पळालो नव्हतो. एवढं मला लिहून पाहिजे. मेल्यावर नको, आत्ता पाहिजे."

अलकाने आपल्या गळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तारीख घ्या डॉक्टरांची."

मी सहजासहजी निघालो नाही. इतक्या वर्षांचं मांस माझ्याभोवती गुंडाळलं होतं. त्यांनी ते कापलं, जाळलं, खरवडलं. चिमटा मला धरायचा आणि मी निसटायचो. शेवटी मला पक्कं पकडून ओढलं, तेव्हा माझी कड त्या जाड नसेवरून फिरली. डोंगरावर मी जे अर्धवट सोडलं होतं, ते बाहेर पडताना पुरं केलं. नरसिंहचा डावा पाय घोट्यापासून लोंबकळायला लागला. आजही तो उचलत नाही.

मी डबीत होतो, त्याच्या उशाशी, तेव्हा शंकर आला. तो आता दिल्लीजवळच्या मानेसरमध्ये एका कारखान्यात कामगारांना मलमपट्टी करतो. फोनवर त्याने देवयानीला नकार दिला होता. "बेटा, खोटं लिहिलं असं मी कबूल केलं तर माझी पेन्शन जाईल. मला यात ओढू नका." पण ऑपरेशनचं कळल्यावर त्याला राहवलं नाही. त्याने चादर बाजूला केली आणि खिशातल्या किल्लीने नरसिंहच्या तळव्यावर रेघ ओढली. एक बोटसुद्धा हललं नाही.

"काय केलंस हे, येड्या?"

"पुरावा काढला."

"अरे, मी होतो ना पुरावा! जिवंत! मला कानाला धरून न्यायचंस!"

"तुला पेन्शनची काळजी होती."

शंकरने त्याला आईबहिणीवरून एक सणसणीत शिवी घातली आणि खाटेच्या कडेवर बसून रडायला लागला. जाताना देवयानीला म्हणाला, "तारीख सांग. मी येतो."

सुनावणीच्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर होतो. शेजारी प्रयोगशाळेचा अहवाल: तोफगोळ्याचंच पोलाद. दोन साहेब समोर, शंकर पिंजऱ्यात.

"तो आपने झूठ लिखा था?"

"जी साहब।"

"आज सच बोल रहे हैं, इसका क्या भरोसा?"

शंकरने पिंजऱ्याचा कठडा धरला. "साहब, उस दिन के झूठ से किसी का भला होना था। आज के सच से मेरा नुकसान ही होना है। कौन बोलेगा ऐसा सच?"

साहेबांनी नरसिंहकडे पाहिलं. "झूठ लिखवाया क्यों?" वकिलांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की याचं उत्तर द्यावंच लागेल, नाहीतर दावा गेला. तो काठीच्या आधाराने उभा राहिला. लेकीकडे न बघता त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. बापाची तार. फोडलेल्या बांगड्या. गेलेलं पोर. अलकाचा सातवा महिना.

देवयानी वकिलांच्या मागे कागद काढून देत होती. तिचा हात थांबला. नव्व्याण्णवचा जून. तिने मनाशी महिने मोजले असणार, कारण तिने ओढणी तोंडावर दाबली आणि ती तिथेच खाली बसली.

अलका मागच्या बाकावरून उठून, भर खोलीत, मराठीत म्हणाली, "एवढं तोंडाने सांगता येत नव्हतं? पंचवीस वर्षं?"

"ये क्या कह रही हैं?" साहेबांनी विचारलं.

त्यांना कुणीच भाषांतर करून दिलं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. नरसिंह खराडे शत्रूच्या माऱ्यात जखमी झाले, धावण्याचा कुठेही पुरावा नाही, ते शब्द काढून टाकावेत. मूळ नोंद दुरुस्त करावी, पदक द्यावं. शंकरवर कारवाई नाही. नरसिंहने देवयानीकडून तो निकाल वाचून घेतला, मग दिलीपच्या धाकट्या भावाला फोन लावून त्यालाही वाचून दाखवायला लावला. मग तो भाऊ म्हणाला, "दादा, गावाकडे या. आईच्या फोटोसमोर वाचा." हे मला कळलं, कारण देवयानी हे सांगत होती त्या कारकुनाला, ज्याने मला या कपाटात ठेवलं.

मी तर आता इथेच राहणार. माझ्यावर कुणी पदक लावणार नाही आणि लावूही नये. मी एका पोराचा गळा फाडला, एका माणसाचा पाय नेला, एका बाईचा श्वास कोंडायला लावला. मला शिक्षा म्हणून हे कपाट ठीकच आहे.

पण ज्यांच्या हाती शंकरचा तो जुना कागद येणार आहे, त्या बाबूंना माझी एक विनंती आहे. साहेब, 'दगडावर पडून' हे शब्द आता खोडावे लागतील. खोडा. पण त्यावर पांढरा रंग फासू नका, शाईने गिरवून काळं करू नका. एकच बारीक रेघ मारा आणि बाजूला सही करा. खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. त्या दोन शब्दांच्या आडोशाने एक मुलगी सुखरूप जन्माला आली आहे.